खाली गाळे, वर फ्लॅट : विश्रामबागचं प्रकरण

सांगलीत जागेचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "पाणी येतं का?" आणि दुसरा, "खाली गाळे निघतात का?" पहिल्याचं उत्तर कृष्णा देते. दुसऱ्याचं बिल्डर देतो, आणि ते कायम "निघतात की!" असंच असतं. गाळे निघतातच. त्या गाळ्यांत धंदा चालेल का, हे मात्र इमारत उभी राहिल्यावर, शटरला रंग लागल्यावर विचारलं जातं.

सांगली आणि मिरज या दोन जुन्या शहरांच्या मधला पट्टा म्हणजे विश्रामबाग. त्याच्या आसपास विजयनगर, वानलेसवाडी आणि शंभर फुटी रस्ता. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली आणि कागदावर तिन्ही एक शहर झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. तिघांची मोट बांधल्यामुळे एक गंमत झाली: काल जे गावाबाहेर होतं ते नकाशाच्या मधोमध आलं. सांगलीकर विश्रामबागला सांगलीचंच उपनगर समजतात. मिरजकर यावर वाद घालत नाहीत, ते आपले मिरजेतच राहतात.

गेल्या दोन-अडीच दशकांत इथले रस्त्यालगतचे बंगले एकेक करून पडले. त्यांच्या जागी खाली गाळे, पहिल्या मजल्यावर दवाखाना, क्लास किंवा सीएचं ऑफिस, आणि वर फ्लॅट अशा इमारती आल्या. नगररचनेत याला मिश्र वापर म्हणतात. हा प्रकार आला की भागाची भरभराट होते असा एक समज पसरला आहे, आणि तो पसरायला विश्रामबागच कारणीभूत आहे. म्हणूनच त्याची फोड करायला हवी. माझ्या मते मिश्र वापराचं काम बाहेरून आलेला पैसा अडवण्याचं आणि तो भागातच दोन-चार हात फिरवण्याचं. बाहेरून काही येतच नसेल तर वरच्या फ्लॅटच्या जिवावर खालचे गाळे जगत नाहीत. विश्रामबागला पैसा बाहेरून येत होता, गाळे नंतर आले. बाकीच्या उपनगरांनी गाळे आधी बांधले.

आधी कॉलेज, मग बाजार

घराखाली दुकान ही सांगलीला नवी गोष्ट नाही. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि सांगलीला संस्थानाची गादी आली. पुढे पेठा वाढल्या त्या याच पद्धतीनं: दर्शनी भागात पेढी, मागं कोठार, माडीवर कुटुंब. गणपती पेठेत आजही जुन्या माड्या दिसतात. तिथं व्यापार आणि संसार एकाच जिन्यानं वर-खाली करत.

विश्रामबागची सुरुवात नेमकी उलटी. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज निघालं. १९४७ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, तेच पुढे वालचंद कॉलेज. दोन्हींची आवारं ऐसपैस. त्यांच्या भोवती प्राध्यापक, सरकारी नोकर, बँकवाले आणि निवृत्त मंडळी यांच्या वसाहती झाल्या. पुढं अंगण, कुंपणाला मेंदी, मागं नारळ आणि चिकू. दळणापासून कापडापर्यंत सगळ्याला सांगली गाठायची. वसाहत अगदी निव्वळ राहण्याची.

मिरजेच्या बाजूनं दुसरी ओढ होती. डॉ. विल्यम वानलेस यांचं इस्पितळ १८९४ पासूनचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं. मिरज जंक्शनला पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि कुर्डुवाडी या चारही दिशांच्या गाड्या येतात. त्यामुळे मिरजेच्या दवाखान्यांचा पेशंट फक्त सांगली जिल्ह्याचा कधीच नव्हता. कर्नाटकातल्या अथणी, चिकोडी, जमखंडीकडचे लोक ऑपरेशनला मिरजेलाच येतात, आणि एका पेशंटबरोबर दोन-तीन नातेवाईक ठरलेले. वानलेसवाडी हे नाव त्याच इतिहासातून आलं.

नंतर जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय विजयनगरला आलं. जतचा, आटपाडीचा, कवठेमहांकाळचा माणूस सातबारा, दाखला, तारीख यासाठी आता इथं उतरतो. कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस दिवसभर अडकतो. चहा, जेवण, झेरॉक्स, स्टॅम्प, टायपिंग, वकिलाची फी. असा माणूस गाळेवाल्यांसाठी सोन्यासारखा, फक्त हे त्याला सांगायचं नाही.

नदी काय करते

या प्रकरणात सगळ्यात जास्त वजन नदीचं आहे, आणि नियोजनाच्या चर्चेत तिला सगळ्यात कमी जागा मिळते.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती गेलं, पुलाजवळ किती झालं, यावर कट्ट्याकट्ट्यावर चर्चा चालते. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांवर गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर. ते विसरायच्या आत जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या पुढे. २०१९ ला मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, स्टेशन चौक, सगळीकडे पाणी. व्यापारपेठ म्हणून सांगलीचं जे काही होतं त्याचा मोठा भाग तळमजल्यावर होता, आणि तळमजलाच बुडाला.

हळदीचं उदाहरण बोलकं आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची रीत होती. पेवात हळद वर्षानुवर्षं टिकते आणि तिला कीड लागत नाही, म्हणून ही पेवं नावाजलेली. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, आणि ज्या जमिनीनं माल सांभाळायचा तिच्यावरचाच भरवसा उडाला. साठवण मग गोदामांकडे आणि कोल्ड स्टोरेजकडे वळली, ती उंचावरच्या भागात. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते हे सगळं होऊन गेल्यावर.

विश्रामबागचा बराचसा भाग उंच माळावर आहे. पुराच्या दिवसांत पेठेतली माणसं इकडच्या नातेवाइकांकडे राहायला आली, आणि पाणी उतरल्यावर त्यांतल्या काहींनी इकडंच बघायला सुरुवात केली. पेठेतलं दुकान कोणी सोडत नाही. वडिलोपार्जित पागडी, ओळखीचं गिऱ्हाईक, सगळं तिथं. पण दुसरं काउंटर उंचावर हवं, निदान माल हलवता येईल एवढी जागा हवी, हे घराघरांत बोललं गेलं. कापडाचं, सोन्याचं, चपलांचं, भांड्यांचं दुसरं दुकान विश्रामबागला निघालं.

इथे हिशेब नीट मांडायला हवा. हरभट रोडवरून विश्रामबागला आलेलं दुकान ही विश्रामबागची वाढ, पण शहराची वाढ नव्हे. तेच गिऱ्हाईक, तोच रुपया, फक्त काही किलोमीटर पूर्वेला. भागाची चकाकी बघून "सांगली वाढली" म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी पेठेत एक चक्कर मारावी. तरी हे स्थलांतर अगदीच निरुपयोगी म्हणता येणार नाही. पुढच्या पुरात जो माल वाचेल, तो या दुसऱ्या दुकानामुळे वाचेल. हे फार तर विम्यासारखं झालं. विम्याचा हप्ता भरणं शहाणपणाचं असतं, पण त्याला कोणी कमाई म्हणत नाही.

एका इमारतीचा दिवस

विलिंग्डनच्या आसपासच्या गल्ल्यांत तीन-चार मजली इमारती रांगेनं आहेत. त्यांतली कोणतीही एक दिवसभर न्याहाळली तर मिश्र वापर चालतो म्हणजे काय होतं ते कळतं.

पहाटे कॉलेजच्या मैदानावर फिरायला येणारे चहाच्या गाड्यावर थांबतात. सातला क्लास भरतो. बारावीची, नीटची, जेईईची मुलं, आणि गाड्या लावायला सगळं पार्किंग त्यांचं. दहाला क्लास सुटतो आणि त्याच जागी झेरॉक्सवाल्याचं, ऑफिसांचं गिऱ्हाईक येतं. एक वाजता खानावळीत गर्दी. "मावशी, आज पण बटाटाच?" असं विचारणारा पोरगा महिन्याचे पैसे आगाऊ भरलेला असतो, त्यामुळे तो तक्रार करतो आणि जेवतो. दुपारी दोन ते चार सगळे गाळे पेंगतात, निम्मी शटरं अर्धी खाली. पाचला पहिल्या मजल्यावरचा दवाखाना उघडतो. मिरजेत सकाळचं काम संपवून आलेले डॉक्टर संध्याकाळी इथं बसतात. दवाखाना उघडला की खालचं मेडिकल जागं होतं. आणि सातनंतर भेळ, भडंग, वडापाव. रात्री अकरापर्यंत वरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं डोकं घालून बसलेली असतात, त्यांना नऊ-साडेनऊला परत चहा लागतो.

यात नीट बघण्यासारखी गोष्ट वेळेची आहे. क्लास सकाळी, कार्यालयं दुपारी, दवाखाना संध्याकाळी, अभ्यासिका रात्री. एकच पार्किंग, एकच जिना, एकच रस्ता चार वेगवेगळी माणसं चार वेळांना वापरतात. म्हणून कमी जागेत जास्त उलाढाल होते. सगळी इमारत दवाखान्यांनी भरली असती तर संध्याकाळी रस्ता तुंबला असता आणि सकाळी शुकशुकाट. मिश्र वापरातून खरा फायदा होतो तो या वेळापत्रकातून, आणि नेमकं तेच कोणत्याही मंजूर नकाशावर दाखवलेलं नसतं.

वर्षाचंही एक वेळापत्रक आहे. परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये खानावळ अर्धी होते, झेरॉक्सवाला गावी जाऊन येतो. जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की पुन्हा खोल्यांना मागणी. ज्याने गाळा घेताना जुलैतली गर्दी पाहिली आणि मे महिना पाहिला नाही, त्याचा अंदाज चुकतो.

दहा गुंठ्यांचा हिशेब

आता आकड्यांकडे. पुढचे भाव कोणत्या खऱ्या इमारतीचे नाहीत, नमुन्यादाखल धरले आहेत. नियम मात्र खरे आहेत.

रस्त्यालगत दहा गुंठ्यांचा बंगला आहे असं धरू. मुलं पुण्याला, आई-वडील दोघंच. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय (जागेच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१ धरला आहे, म्हणजे साधारण १२ हजार चौरस फूट. त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्के आणि अनिवासीला ८० टक्के पूरक क्षेत्र मिळतं. निवासी धरलं तरी आकडा १९ हजारांच्या पुढे जातो. रस्ता रुंद असेल तर पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम (प्रीमियम) आणि विकत घेतलेले विकास हक्क (टीडीआर) वेगळे. म्हणजे रुंद रस्त्यावरचा बंगला टिकणं अवघडच. नियमच त्याला रोज "पाड" म्हणत असतो.

यातून विक्रीयोग्य चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) १४ हजार चौरस फूट निघालं असं धरू. गाळे किती काढायचे? इथं बिल्डरचं लक्ष बाजारापेक्षा जीएसटीवर असतं. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के कर आहे, परवडणाऱ्या घरांवर १ टक्का. गाळ्यांवर एरवी १२ टक्के, पण प्रकल्पातलं व्यापारी चटईक्षेत्र एकूण चटईक्षेत्राच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर गाळ्यांनाही ५ टक्केच. १४ हजारांचे १५ टक्के म्हणजे २,१०० चौरस फूट. म्हणून २१० फुटांचे दहा गाळे. २५ लाखांच्या गाळ्यावर ५ आणि १२ टक्क्यांत पावणेदोन लाखांचा फरक पडतो, एवढ्यावर गिऱ्हाईक फिरतं. दहा गाळे का, याचं कारण असं करात सापडतं. त्या रस्त्याला दहा गाळ्यांची गरज आहे का, याचा त्यात कुठेच विचार नसतो. पहिल्या मजल्यावर ऑफिसं काढली तर तीही याच पंधरा टक्क्यांत मोजली जातात. मग बरेच जण पहिला मजला कागदावर फ्लॅट म्हणून दाखवतात आणि पुढे तिथं क्लास भरतो. भानगडी इथून सुरू होतात.

गाळा घेणारा कोण? बहुतेक वेळा दुकानदार नव्हे. निवृत्तीचे पैसे आलेला शिक्षक, द्राक्षात चांगलं वर्ष गेलेला बागायतदार, परदेशातला मुलगा. त्याला भाडं हवं. २५ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला साडेचौदा हजार व्याज येतं. तेवढं तरी भाडं सुटावं अशी त्याची अपेक्षा. आता भाडेकरूच्या बाजूनं बघा. किराणा, स्टेशनरी यासारख्या धंद्यात भाडं विक्रीच्या एक दशांशाच्या आत राहिलं तर दुकान तगतं असं धरू. म्हणजे महिन्याला जवळपास दीड लाखाची विक्री हवी, रोजची पाच हजारांची. दहा गाळे म्हणजे महिन्याला साडेचौदा लाख.

वर बारा-पंधरा फ्लॅट. बारा कुटुंबांनी महिन्याला प्रत्येकी तीस हजार खालच्याच गाळ्यांत खर्च केले (कोणी करत नाही, तरी करतात असं समजू) तर होतात तीन लाख साठ हजार. साडेचौदा लाखांच्या मानानं पाव हिस्सा. दहा गाळ्यांपैकी वरच्या बिऱ्हाडांवर अडीच गाळे चालतील. उरलेले साडेसात रस्त्यावरच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसावर.

विश्रामबागच्या मुख्य रस्त्यावर ते साडेसात गाळे भरतात, कारण कॉलेज, कचेरी, कोर्ट आणि दवाखाना रोज माणूस आणून सोडतात. एसटीची शहर बस आणि वडाप (शेअर जीप-रिक्षा) दिवसभर सांगली-मिरज करत असतात. पण हाच नमुना उचलून आतल्या रस्त्यांवर, नव्या वसाहतींत, सांगलीच्या बाहेरच्या माळावर नेला तर? तिथं दहापैकी दोन-तीन चालतात: किराणा, मेडिकल, एखादं पार्लर. बाकीच्यांवर "गाळा भाड्याने देणे आहे" ही पाटी, आणि त्या पाटीवरचा मोबाइल नंबर उन्हानं उडून जाईपर्यंत ती तशीच.

वर राहणारे आणि खाली बसणारे

इमारत भरली की भांडणं सुरू. ही भांडणं किरकोळ समजून सोडून देऊ नयेत, कारण भागाची किंमत त्यांच्यावर ठरते.

खालच्या हॉटेलच्या फोडणीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. बोअरचं पाणी खानावळीला जास्त लागतं, बिल सगळ्यांत. लिफ्ट गाळेवाला वापरत नाही, म्हणून तो तिच्या देखभालीचे पैसे द्यायला तयार नसतो. सांगलीत बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या असतात. तिथं खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्शाप्रमाणे. सहकारी सोसायटीत देखभालीचा बराचसा खर्च प्रत्येक सदनिकेला सारखा. मिश्र वापराच्या इमारतीला कोणती पद्धत सोयीची, हे खरेदीखतावर सही करण्यापूर्वी विचारणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो. आणि लहान प्रकल्पांत विचारायलाही फारशी जागा नसते. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर महारेराची (गृहप्रकल्पांवरच्या राज्य प्राधिकरणाची) नोंदणी लागत नाही, आणि तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत अशाच इमारती जास्त.

मग पार्किंग. नकाशात स्टिल्टखाली (खांबांवर उचललेल्या इमारतीखाली) पार्किंग असतं. वर्षभरात त्यातल्या दोन कोपऱ्यांना पत्रा लागतो, एकात पिठाची गिरणी, दुसऱ्यात इस्त्रीवाला. पुढचं सामासिक अंतर (इमारत आणि रस्ता यांतली जागा) मोकळं सोडायचं असतं, तिथं गाळेवाल्याच्या पायऱ्या, फळी आणि पाटी येते. मग गाड्या रस्त्यावर. शंभर फुटी रस्ता नावाला शंभर फुटी, संध्याकाळी वाहनाला त्यातलं किती मिळतं ते रिक्षावाल्याला विचारा. ज्या रुंदीच्या नावावर जादा एफएसआय मिळाला, तीच रुंदी त्या एफएसआयच्या गाड्यांनी खाल्ली.

शामरावनगर

विश्रामबागशी तुलना करायची तर सांगलीतल्याच शामरावनगरशी करावी. तिथलं चित्र अगदी वेगळं आहे. सखल जमीन, पावसाचं साचलेलं पाणी, आणि गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे. तुकडेबंदीमुळे (जमिनीचे छोटे तुकडे करून विकायला असलेल्या बंदीमुळे) खरेदीखत होत नसे, म्हणून साध्या कागदावर व्यवहार, बिनशेती नाही, मंजूर रेखांकन नाही. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. नियमित करण्याचा मार्ग खुला झाला, पण रस्ता आणि गटार कागदानं होत नाही.

अशा वस्तीतही मिश्र वापर आहेच, आणि विश्रामबागपेक्षा जास्त. दर चौथ्या-पाचव्या घराची पुढची खोली दुकान: किराणा, शिलाई, पंक्चर, मोबाइल रिचार्ज. कोणी बिल्डर नाही, जीएसटीचा विचार नाही. घरातली बाई दुकान सांभाळत स्वयंपाक करते, दोन्हींचं भाडं एकच. यातून मोठी वाढ होत नाही हे खरं. घरखर्च भागतो, एक पगार बुडाला तर महिना निघतो. पण नकाशावर ही दुकानं नाहीत. विकास आराखड्याच्या चर्चेत "व्यापारी क्षेत्र" म्हणून कोणी यांच्याकडे बघत नाही, आणि पुराच्या पंचनाम्यात घर धरलं जातं, पुढच्या खोलीतला माल मागं राहतो. माझ्या मते शहरात मिश्र वापरावर पैसा खर्च करायचाच असेल तर तो आधी इथल्या गटारांवर करावा. एका पावसाळ्यात पुढची खोली कोरडी राहिली तर त्या घराचं जेवढं भलं होतं, तेवढं विश्रामबागला आणखी एक काचेची दर्शनी इमारत होऊन कोणाचंच होत नाही.

पालिकेच्या हाती काय

घरपट्टीत निवासी आणि व्यापारी वापराचे दर वेगळे. महावितरणचेही वेगळे. त्यामुळे मिश्र वापर वाढला की पालिकेचं उत्पन्न वाढायला हवं. वाढतंही, पण नोंद बरोबर असेल तरच. कागदावरचा फ्लॅट प्रत्यक्षात क्लास असेल तर दर निवासीच लागतो. उलट चार वर्षं बंद असलेल्या गाळ्याला व्यापारी दरानं मागणी बिल जातं आणि मालक ते भरत नाही. पालिकेकडे या दोन्ही गोष्टींची एकत्र यादी असायला हवी: कोणता निवासी वापर प्रत्यक्षात धंद्याचा आहे आणि कोणता गाळा बांधल्यापासून उघडलेलाच नाही. ही यादी करायला सल्लागार कंपनी नको, वसुलीला फिरणारे कर्मचारी पुरेत. प्रत्येक रस्त्यावर दहापैकी किती शटर उघडी, एवढं जरी दरवर्षी नोंदलं, तरी पुढची परवानगी देताना नगररचना विभागाला काही आधार मिळेल.

दुसरी गोष्ट पूररेषेची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींसह परवानगी. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. पण कृष्णेला हे वेळापत्रक कोणी सांगितलेलं नाही. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पूर सोळा वर्षांच्या आत आले. या रेषांच्या मधे येणाऱ्या पेठांत गाळे तळमजल्यावरच असावेत हा आग्रह सोडून पहिला मजला व्यापाराला आणि तळमजला गाड्यांना अशी रचना मान्य केली, तर पेठ पेठेतच राहू शकेल. सगळा व्यापार विश्रामबागला नेण्याची गरज उरणार नाही. व्यापाऱ्याला गिऱ्हाईक जिना चढेल का ही धास्ती असते. मिरजेत डॉक्टरसाठी आणि विश्रामबागला क्लाससाठी लोक जिने चढतातच. कापडासाठी चढतील का, हे एखाद-दुसऱ्या इमारतीत करून बघावं लागेल.

राहिला तो दहा गुंठ्यांचा बंगलेवाला. त्याची जागा कॉलेज, कचेरी किंवा दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर असेल तर गाळे काढावेत, आणि पहिला मजला पहिल्यापासूनच अनिवासी मंजूर करून घ्यावा, कर जास्त पडला तरी. त्याचा जिना रस्त्याकडून वेगळा ठेवावा. जागा आतल्या रस्त्यावर असेल तर दोन गाळे पुरेत, एक किराण्याचा आणि एक मेडिकलचा. उरलेल्या तळमजल्यावर गाड्या लावाव्यात. बिल्डर म्हणेल, "काका, आठ गाळ्यांचे दोन कोटी सोडताय तुम्ही." त्याला विचारावं की शेजारच्या दोन इमारतींतले किती गाळे आज उघडे आहेत. आणि मग दोघांनी मिळून दुपारी नाही, संध्याकाळी सातला जाऊन ते मोजून यावेत.